ट्रूनॅट: पेटीतून नेता येणारं पीसीआर यंत्र, ग्रामीण रुग्णालयाच्या दृष्टीने

तालुक्याच्या ठिकाणी, एसी नसलेल्या खोलीत, विजेचा भरवसा नसताना धोकादायक जंतूची पीसीआर चाचणी (जंतूच्या डीएनए-आरएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी) करायची असेल, तर सर्वांत आधी ट्रूनॅटचा विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. यंत्र मजबूत आहे, बॅटरीवर चालतं, उन्हाळा सोसतं. पण निकाल किती खरा येणार हे यंत्राइतकंच टेक्निशियनच्या हातावर, सहा मायक्रोलिटरच्या एका थेंबावर आणि कपाटात चिपांचा साठा आहे की नाही यावर ठरतं. खरेदीच्या कागदांत या गोष्टी येत नाहीत, म्हणून इथे त्यांच्यावरच जास्त लिहिलं आहे.

बंगळूरच्या बिगटेक लॅब्जमध्ये हे तंत्र घडलं आणि मोलबायो डायग्नोस्टिक्स ही कंपनी गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतून ते बाजारात आणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयरोगाच्या पहिल्या चाचणीसाठी ट्रूनॅटची शिफारस केली. त्याच वर्षी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) कोविडसाठीही ते मान्य केलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत टीबीसाठी आलेली यंत्रं रातोरात कोविडच्या कामाला लागली. या यंत्राचं खरं बळ इथेच आहे. यंत्र तेच राहतं, चिप बदलली की रोग बदलतो. टीबी, डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस, निपाह अशी यादी वाढत गेली आहे.

पेटीत मुख्य यंत्रं दोन असतात. पहिलं ट्रूप्रेप. नमुन्यातून डीएनए किंवा आरएनए बाहेर काढून स्वच्छ करण्याचं काम त्याचं. दुसरं ट्रूलॅब. प्रत्यक्ष पीसीआर त्यात होते. ट्रूलॅब तीन प्रकारांत मिळतं: उनो, ड्युओ आणि क्वाट्रो, म्हणजे अनुक्रमे एक, दोन आणि चार चिपा स्वतंत्रपणे चालवणारं. त्याशिवाय ६ मायक्रोलिटरला पक्कं बांधलेलं मायक्रोपिपेट, फिल्टर असलेल्या टिप्स, मायक्रोट्यूबचा स्टँड आणि ब्लूटूथवर चालणारा छोटा प्रिंटर. चिप म्हणजे नखाएवढ्या पांढऱ्या विहिरीची एक पट्टी. तापवण्याची आणि तापमान मोजण्याची सोय त्या पट्टीतच असते. लॉट, मुदत आणि मोजमापाची माहितीही चिपच्या स्मृतीत असते, त्यामुळे मुदत संपलेली किंवा एकदा वापरलेली चिप यंत्र घेत नाही. संध्याकाळच्या घाईत ही सोय फार मोलाची ठरते.

नमुना ते निकाल

टीबीच्या बेडक्याचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यांत चिकट आणि त्रासदायक नमुना तोच. डबीत २ ते ५ मिलिलिटर बेडका हवा. नुसती लाळ असेल तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून रुग्णाला खोलवर खोकून बेडका कसा काढायचा ते आधी नीट सांगावं लागतं. डबीत लिक्विफॅक्शन बफरचे (बेडका पातळ करणाऱ्या द्रावणाचे) २ थेंब टाकायचे, हलक्या हाताने फिरवायचं आणि १० मिनिटं थांबायचं. बेडका अजून दोरीसारखा ताणला जात असेल तर आणखी २ थेंब आणि आणखी ५ मिनिटं. इथे घाई केली की पुढे ट्रूप्रेपच्या कार्ट्रिजमध्ये गुठळी अडकते, यंत्र मध्येच थांबतं आणि कार्ट्रिज फुकट जातं. ट्रूप्रेप मध्ये थांबण्याच्या तक्रारींचं मूळ शोधलं तर बऱ्याचदा ते या वाचवलेल्या पाच मिनिटांत सापडतं.

पातळ झालेल्या बेडक्यातला अर्धा मिलिलिटर, सोबत दिलेल्या खुणेच्या पिपेटने, लायसिस बफरच्या (पेशी फोडणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत. त्यात पुन्हा लिक्विफॅक्शन बफरचे २ थेंब, बाटली फिरवून ३ मिनिटं. मग बाटलीतलं सगळं कार्ट्रिजच्या काळ्या झाकणाच्या कप्प्यात ओतायचं, झाकण नीट बसवायचं, कार्ट्रिज ट्रूप्रेपमध्ये ठेवून सुरू करायचं. साधारण २० मिनिटांत यंत्र पेशी फोडतं, न्यूक्लिक आम्ल आतल्या गाळणीवर धरतं, दोनदा धुतं आणि स्वच्छ द्रावणात सोडतं. हे द्रावण म्हणजे इल्यूट. कार्ट्रिजच्या इल्यूट कप्प्याला पिपेटच्या टोकाने भोक पाडून ते सगळं छोट्या नळीत काढून घ्यायचं आणि नळीवर लगेच रुग्णाचा क्रमांक घालायचा. एका टेबलावर तीन बिनक्रमांकाच्या नळ्या उभ्या राहिल्या की पीसीआर कितीही अचूक असली तरी तिचा उपयोग शून्य.

आता खरा नाजूक भाग. ट्रूलॅबच्या पडद्यावर चाचणी, नमुन्याचा प्रकार आणि रुग्णाची माहिती भरायची. चिपचं पाकीट फोडायचं, चिप ट्रेवर विहीर वर करून बसवायची. वाळवलेल्या रसायनांची मायक्रोट्यूब स्टँडवर ठेवायची आणि पांढरी गोळी तळाशीच आहे ना ते डोळ्यांनी पाहायचं. ६ मायक्रोलिटर इल्यूट घेऊन त्या गोळीवर सोडायचं आणि ३० ते ६० सेकंद हात न लावता थांबायचं. ट्यूब टिचकायची नाही, हलवायची नाही, पिपेटने वरखाली ढवळायचं नाही. गोळी आपसूक विरघळते आणि द्रावण नितळ होतं. मग त्याच पिपेटने ६ मायक्रोलिटर उचलून चिपच्या विहिरीत अलगद सोडायचं.

पिपेटचं बटण आधी पहिल्या टप्प्यापर्यंत दाबायचं, मग टिप द्रावणात बुडवायची, मग बटण सावकाश सोडायचं. टिप आधी बुडवून मग बटण दाबलं की हवा द्रावणात जाते आणि बुडबुडा तयार होतो. बुडबुडा विहिरीत गेला तर तापताना तो फुगतो, चमक मोजणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत येतो आणि आलेख वेडावाकडा निघतो. द्रावण विहिरीबाहेर चिपच्या पृष्ठभागावर सांडलं तर ती चिप ट्रेमध्ये सारूच नये, कारण ओल आत गेली तर नुकसान यंत्राचं होतं. थेंब टिपच्या बाहेरच्या बाजूला चिकटून राहिला तर विहिरीत ६ ऐवजी ४ मायक्रोलिटर पडतात आणि कमी जंतू असलेला रुग्ण निगेटिव्ह दिसू शकतो. या तिन्ही चुका पडद्यावर दिसेपर्यंत चिप खर्ची पडलेली असते. म्हणून नव्या टेक्निशियनला थेट चिपेवर बसवू नये. रंगीत पाण्याचे सहा मायक्रोलिटरचे थेंब मेणकागदावर सारख्या आकाराचे पडेपर्यंत त्याच्याकडून सराव करून घ्यावा. पाण्याला पैसे पडत नाहीत.

ट्रे आत सारल्यावर साधारण ४० मिनिटांत टीबीचा निकाल येतो. टीबी आढळला तर त्याच इल्यूटमधून दुसऱ्या चिपेवर रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाच्या प्रतिकाराची चाचणी लावता येते. तिला आणखी तासभर लागतो. पातळ करण्यापासून पहिल्या निकालापर्यंत सव्वा ते दीड तास धरा. रुग्ण त्याच दिवशी, बाहेरच्या बाकावर असतानाच निकाल हातात पडतो, आणि दूरच्या वाडीवरून आलेल्या माणसासाठी याहून मोठी सोय नाही.

इनव्हॅलिड आलं तर

ट्रूनॅटचं नियंत्रण, म्हणजे चाचणी नीट चालली का हे दाखवणारा मुद्दाम घातलेला घटक, कार्ट्रिजमध्येच असतं आणि नमुन्याबरोबर सगळ्या टप्प्यांतून जातं. जंतू दिसला नाही पण नियंत्रण दिसलं, तर निकाल खरा निगेटिव्ह. जंतूही नाही आणि नियंत्रणही नाही, तर इनव्हॅलिड: काढण्याच्या किंवा पीसीआरच्या टप्प्यात काहीतरी बिघडलं, आणि रुग्णाला टीबी आहे की नाही याबद्दल चाचणी काहीच सांगत नाही. रजिस्टरमध्ये इनव्हॅलिडच्या जागी निगेटिव्ह लिहिणं ही सगळ्यांत घातक चूक. उलट, जंतू भरपूर असले आणि नियंत्रण दिसलं नाही तर घाबरू नये. जंतूच्या डीएनएनेच रसायनं संपवलेली असतात आणि निकाल पॉझिटिव्हच धरायचा.

इनव्हॅलिड पहिल्यांदा आलं तर त्याच इल्यूटवर नवी चिप लावून पाहावी. पुन्हा तेच आलं तर नव्या नमुन्यापासून सुरुवात. रक्तमिश्रित बेडका आणि अन्नाचे कण ही नेहमीची कारणं. एकामागोमाग वेगवेगळ्या रुग्णांचे निकाल इनव्हॅलिड येऊ लागले तर संशय नमुन्यांवरून काढून साठ्याकडे वळवावा: कार्ट्रिजचा लॉट, रसायनांचा पॅक, कपाटाचं तापमान.

ट्रूप्रेपचा रसायनांचा पॅक ५० चाचण्यांचा असतो. पॅक बदलला की सोबतचं रीसेट कार्ड लावून मोजणी पुन्हा सुरू करायची असते. पॅक बदलायचा राहिला आणि कार्ड तेवढं लावलं, असं झालं तर यंत्राला वाटतं पॅक भरलेला आहे आणि धुण्याचं द्रावण मधेच संपतं. पॅकवर तो जोडल्याची तारीख मार्करने लिहिण्याची सवय लावली की हा घोळ होत नाही.

दूषितीकरणाबद्दल दोन शब्द. पीसीआर एका रेणूचे कोट्यवधी करते, म्हणून पॉझिटिव्ह इल्यूटचा न दिसणारा शिंतोडाही पुढच्या दहा रुग्णांना पॉझिटिव्ह करू शकतो. ट्रूप्रेप आणि ट्रूलॅब शक्यतो वेगळ्या टेबलांवर ठेवावेत, हातमोजे टेबल बदलताना बदलावेत, वापरलेली मायक्रोट्यूब पुन्हा उघडू नये. पंख्याच्या थेट झोताखाली चिप भरू नये. उन्हाळ्यात पंखा बंद करणं जिवावर येतं, पण तेवढी दोन मिनिटं तो बंदच हवा. प्रत्येक नवा लॉट आला की पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नियंत्रण (निकाल आधीच ठाऊक असलेले नमुने) चालवून मगच रुग्णांचे नमुने घ्यावेत.

ऊन, ओल आणि वीज

टीबीच्या चिपा २ ते ३० अंशांत ठेवल्या तर दोन वर्षं टिकतात, आणि ४५ अंशांपर्यंत एक महिना सोसतात. म्हणजे विदर्भात मे महिन्यात जिल्ह्याच्या गावाहून ग्रामीण रुग्णालयात खोकं साध्या गाडीने आलं तरी चालतं. पण तेच खोकं पत्र्याच्या छपराखालच्या स्टोअरमध्ये सगळा उन्हाळा राहिलं तर चालत नाही. एक महिन्याची ही सवलत वाटेतल्या प्रवासासाठी आहे, साठवणीसाठी तिचा आधार घेऊ नये. गोठवायचं तर अजिबात नाही. फ्रिजमध्ये ठेवलंच तर बर्फाच्या कप्प्यापासून दूर.

कोकणात प्रश्न उष्णतेपेक्षा ओलीचा. जुलैमध्ये पाकीट फोडून चिप बाहेर ठेवली आणि फोनवर बोलत राहिलं की वाळवलेली गोळी हवेतलं पाणी ओढते, आक्रसते, ट्यूबच्या कडेला चिकटते. पाकीट फोडायचं ते इल्यूट हातात आल्यावर. फाटकं पाकीट, किंवा आतल्या ओलशोषकाचा रंग पत्रकात सांगितल्यापेक्षा बदललेला दिसला, तर ती चिप बाजूला काढावी.

दोन्ही यंत्रांत बॅटरी आहे, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत तिची किंमत कळते. पीसीआर अर्ध्यावर असताना वीज गेली तरी चाचणी चालूच राहते. पण महिनोन्महिने कपाटात पडून पूर्ण उतरलेली बॅटरी लवकर मरते, म्हणून वापर नसला तरी यंत्र ठरावीक दिवसांनी चार्जिंगला लावावं. सपाट, न हलणारं टेबल हवं. चालत्या जीपमध्ये चाचणी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. यंत्र जीपमधून न्यायचं, शाळेच्या खोलीत मांडायचं, मग चालवायचं, इतकीच त्याची वाहतूक.

आकडे काय सांगतात

सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू दिसायला बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये ५,००० ते १०,००० जंतू लागतात. ट्रूनॅटच्या टीबीच्या दोन चिपांपैकी एमटीबी साधारण शंभरपर्यंत आणि एमटीबी प्लस त्याहूनही खाली ओळखते. भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनी इथल्या सूक्ष्मदर्शक केंद्रांमध्ये, म्हणजे खऱ्या परिस्थितीत, झालेल्या मोठ्या अभ्यासात कल्चरच्या (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या) तुलनेत एमटीबी चिपची संवेदनशीलता ७३ टक्के, एमटीबी प्लसची ८० टक्के निघाली. विशिष्टता, म्हणजे टीबी नसलेल्यांना निगेटिव्ह सांगण्याचं प्रमाण, अनुक्रमे ९८ आणि ९६ टक्के. कल्चरमध्ये जंतू सापडलेल्या १०० रुग्णांपैकी एमटीबी चिप २७ जण सोडते आणि प्लस २० जण, असा या आकड्यांचा सरळ अर्थ. म्हणून पर्याय असेल तर प्लस घ्यावी, आणि लक्षणं ठळक असतील तर निगेटिव्ह निकालावर फाईल बंद करू नये.

रिफॅम्पिसिनच्या चिपची एक मर्यादा ठाऊक हवी. जंतू फारच कमी असले की ती निश्चित उत्तर देत नाही. अशा वेळी नवा नमुना घेऊन पुन्हा करावी, आणि तरीही उत्तर नसेल तर नमुना पुणे किंवा नागपूरच्या राज्यस्तरीय क्षयरोग प्रयोगशाळेकडे पाठवावा. शिवाय आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाचा प्रतिकार या चिपेतून कळत नाही.

माकडताप आणि निपाह

टीबीपेक्षा जास्त काळजीने वापरायची ती विषाणूंची चिप. महाराष्ट्र-गोव्यासाठी यातला सर्वांत जवळचा विषय माकडतापाचा, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा. १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याकडच्या जंगलात सापडलेला हा विषाणू गोव्यातल्या सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि २०१७ मध्ये बांद्यात पोचला. गोचिडीतून तो माणसात येतो, आणि डिसेंबर ते मे या हंगामातच त्याचा जोर असतो. या रोगाचा नमुना दोडामार्गहून शीतसाखळीत पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) जाऊन निकाल परतेपर्यंत रुग्णाचे मोलाचे दिवस जातात. एनआयव्हीने मोलबायोबरोबर याच यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणी तयार करून पारखली आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या सीमेवरच्या रुग्णालयांनी हंगामाआधी तिच्या पुरवठ्याचा पाठपुरावा करावा, असं आम्ही आग्रहाने सांगू.

मात्र चाचणी योग्य दिवशी व्हायला हवी. विषाणू रक्तात असतो तो तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत, साधारण पहिला आठवडा ते बारावा दिवस. पंधराव्या दिवशी आलेल्या रुग्णाची पीसीआर निगेटिव्ह आली तर त्यावरून माकडताप नाही असं म्हणता येत नाही. तेव्हा शोधायचं ते आयजीएम प्रतिपिंड (संसर्गानंतर शरीर सुरुवातीला बनवतं ते), आणि त्यासाठी एलायझा ही वेगळी रक्तचाचणी लागते. केसपेपरवर ताप कितव्या दिवसाचा आहे हे लिहिलेलं नसेल तर पीसीआरच्या निकालाचा अर्थ लावताच येत नाही. हा तपशील टेक्निशियनने नमुना घेतानाच विचारावा, डॉक्टरांच्या भरवशावर सोडू नये.

निपाहचं उदाहरण केरळचं. सप्टेंबर २०२३ मध्ये कोझिकोडमध्ये साथ आली तेव्हा आयसीएमआरने केरळला ट्रूनॅटवर निपाहची चाचणी करायला परवानगी दिली. त्यामुळे बीएसएल-२ (जैवसुरक्षेच्या चार पातळ्यांपैकी दुसऱ्या) दर्जाच्या रुग्णालयीन प्रयोगशाळांतही प्राथमिक तपासणी होऊ लागली, आणि पॉझिटिव्ह नमुने पक्के करायला मोठ्या प्रयोगशाळांकडे जात. त्याच साथीत आयसीएमआरची फिरती बीएसएल-३ प्रयोगशाळाही कोझिकोडला नेली होती. मुंबईच्या क्लेन्झेड्सबरोबर बनवलेल्या या गाडीचं अनावरण फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला झालं होतं. महाराष्ट्रात माणसांमध्ये निपाहची साथ आलेली नाही, पण महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये २०२० साली एनआयव्हीला या विषाणूचा माग लागला, हे विसरून चालणार नाही.

इतक्या घातक विषाणूचा नमुना छोट्या प्रयोगशाळेत हाताळता येतो तो एकाच कारणाने: लायसिस बफरमध्ये विषाणू निष्क्रिय होतो. कोविडच्या वेळी स्वॅब थेट अशा बफरच्या नळीत घेतले जात, तेही यासाठीच. पण बफरमध्ये पडण्याआधीचा नमुना पूर्ण जिवंत आणि पूर्ण धोकादायक असतो. म्हणून नमुन्याची नळी उघडणं आणि बफरमध्ये टाकणं हे दोन्ही बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच (हवा गाळून जंतू आत रोखणाऱ्या कपाटातच). एन-९५, चष्मा, दुहेरी हातमोजे घालूनच. पत्रकात दिलेला वेळ पूर्ण झाल्यावर बाटली बाहेरून पुसून मगच ट्रूप्रेपच्या टेबलावर आणायची. कॅबिनेट नसलेल्या ठिकाणी निपाह किंवा माकडतापाचा नमुना उघडू नये. तिथे योग्य काम म्हणजे तिहेरी आवरणात बांधून पुढे पाठवणं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

कचऱ्याचंही तसंच. वापरलेलं कार्ट्रिज, चिप, ट्यूब, टिप्स ताज्या ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३० मिनिटं बुडवून मग रंगीत पिशव्यांच्या नियमाप्रमाणे टाकायच्या. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर त्याच्या १ भागाला ९ भाग पाणी, आणि रोज ताजं. कालच्या द्रावणाचा जोर गेलेला असतो. मात्र न्यूक्लिक आम्ल काढण्याच्या बफरांमध्ये बऱ्याचदा ग्वानिडिनचे क्षार असतात आणि हायपोक्लोराइटशी मिसळल्यावर त्यांतून विषारी वायू सुटतो. उरलेला बफर त्या बादलीत कधीही ओतू नये, किटमधल्या पत्रकात त्याची विल्हेवाट सांगितली असेल तशीच लावावी, आणि बादली हवेशीर जागी ठेवावी.

साथ नसताना सरसकट तपासणीचा मोह टाळावा. समजा, चाचणीची विशिष्टता ९९ टक्के आहे आणि गावातल्या १,००० तापकऱ्यांपैकी खरे रुग्ण २ आहेत. चाचणी सुमारे १० निरोगी लोकांनाही पॉझिटिव्ह ठरवेल. निपाहच्या एका खोट्या पॉझिटिव्हने अख्खं गाव बंद होऊ शकतं. लक्षणं, संपर्क, जंगलात जाणं, मेलेली माकडं यांवरून निवडलेल्या रुग्णांचीच चाचणी करावी, आणि पहिला पॉझिटिव्ह एनआयव्हीकडून पक्का झाल्याशिवाय जाहीर करू नये.

जीनएक्स्पर्टशी तुलना

जीनएक्स्पर्ट या टीबीच्या दुसऱ्या पीसीआर यंत्रात हाताचं काम कमी आहे. बेडक्यात दुप्पट रसायन मिसळा, १५ मिनिटं थांबा, २ मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये घाला, बस्स. पुढचं सगळं बंद कार्ट्रिजमध्ये होतं, त्यामुळे पिपेटच्या चुका आणि दूषितीकरण दोन्ही कमी. बदल्यात नेहमीच्या यंत्राला ३० अंशांच्या आतली खोली, म्हणजे एसी, आणि अखंड वीज लागते. जिल्हा रुग्णालयात, जिथे रोजचे नमुने खूप, हात बदलते आणि एसी चालू, तिथे जीनएक्स्पर्टच बरं. ग्रामीण रुग्णालयात किंवा साथीच्या ठिकाणी, जिथे एकच कसलेला टेक्निशियन आणि बेभरवशाची वीज, तिथे ट्रूनॅट.

कोणतं मॉडेल घ्यावं

एका चिपेला ४० मिनिटं धरली तर आठ तासांच्या पाळीत उनोवर कागदावर १२ चाचण्या बसतात, प्रत्यक्षात आठ-नऊ. त्यात रिफॅम्पिसिनच्या चाचण्या आल्या की आकडा आणखी उतरतो. बहुतेक ग्रामीण रुग्णालयांना ड्युओ पुरतं: एका जागेवर टीबी चालू, दुसरी रिफॅम्पिसिनला मोकळी. क्वाट्रो घेतलं आणि ट्रूप्रेप एकच ठेवलं तर उपयोग नाही, कारण ट्रूप्रेप २० मिनिटांना एकच नमुना देतं आणि चारपैकी दोन जागा रिकाम्याच राहतात. क्वाट्रोबरोबर दोन ट्रूप्रेप मागावेत.

ऑर्डरमध्ये चिपा, कार्ट्रिज आणि रसायनांचे पॅक यांचे आकडे एकमेकांशी जुळवून घ्यावेत. २०० चिपा आणि १०० कार्ट्रिज असा साठा आला तर निम्म्या चिपा मुदत संपेपर्यंत पडून राहतात. रिफॅम्पिसिनच्या चिपांना वेगळं कार्ट्रिज लागत नाही, हे हिशोबात धरावं. फिल्टर टिप्स मोजून थोड्या जास्त घ्याव्यात, कारण सर्वांत आधी संपतात त्याच. वार्षिक देखभालीच्या करारात बिघाड झाल्यावर किती दिवसांत माणूस येईल आणि तोवर बदली यंत्र मिळेल का, हे लेखी घ्यावं. आणि प्रशिक्षण दोघांना द्यावं. एकाच टेक्निशियनला शिकवलं की त्याच्या बदलीबरोबर यंत्रही बंद पडतं.